धुरा

बाबा भूमापक होते. उमरेड, भिवापूर, कुही.
साखळी खांद्यावर, मोजणीच्या टेबलाची तिपाई शिपायाच्या डोक्यावर.
दोन भावांमधला धुरा वीतभर सरकला
की दोघांच्याही शिव्या खाऊन
दगड परत जागेवर बसवायचे.

मी सोनेगावात, खिडकी नसलेल्या खोलीत बसते.
माझ्या धुऱ्याला दगड नाही,
शेंदूर फासलेला मारुती नाही, बोरीबाभळी नाहीत.
पडद्यावर एक हिरवी रेघ आहे फक्त,
आणि वर उडणाऱ्याला ती दिसत नाही.

डिसेंबर, चार वाजून दहा मिनिटं.
बुटीबोरीच्या धुराड्यांवर दाट साय धरलेली.
तिथून एक ठिपका उगवला.
नाव नाही, उंची नाही, कुणाची परवानगी नाही,
दुसऱ्याच्या तुरीत शिरलेल्या गोऱ्ह्यासारखा
मान खाली घालून सरळ आत.

आणि पुण्याचं विमान, एकशे बहात्तर माणसं,
उतरणीला लागलेलं, चाकं सोडलेली.
वर जा, म्हटलं मी.
कॅप्टनने का ते विचारलं नाही.
तसले प्रश्न जमिनीवर आल्यावर विचारतात.

मग ठिपक्याला हाका मारल्या
इंग्रजीत, नियमाप्रमाणे, तीनदा.
चौथ्यांदा कानात खरखर, मागून एक कोवळा आवाज,
त्याचं इंग्रजी वाटेतच संपलेलं:
“मॅडम, मी वर्ध्यावर आहो.
पण इथं समोर पुलावर पूल आहे
न् त्याच्यावर रेल्वे धावून राहिली.”

वर्ध्याला पुलावर रेल्वे!
शेजारच्या टेबलावरचा झाडे खुदकन हसला.
माझे तळहात ओले होते.
जामच्या फाट्यावर चुकलं होतं पोरगं.
डावीकडचा रस्ता वर्ध्याचा, उजवीकडचा आपला,
धुरक्यात दोन्ही सारखेच, टाकून दिलेल्या सुतळीसारखे.

“घाबरू नोको,” मी म्हटलं.
“डाव्या हाताला वळ. हळू.
सूर्य नाकासमोर घे.”
“डोळ्यावर येते, मॅडम.”
“येऊ दे.”

ठिपक्याला वळायला अकरा सेकंद लागले.
बाबांची साखळी तेवढ्यात एकदाही ताणून होत नसे.

उतरल्यावर त्याने फोन केला. करावाच लागतो.
हर्षल लांजेवार, तुमसर, वय एकोणीस,
एकट्याचं तिसरं उड्डाण.
आडनाव त्याने दोनदा सांगितलं,
जणू पहिल्यांदा मी खोडून टाकलं असेल.
“मॅडम, रेघ कुठं होती?”
मी नकाशातले आकडे सांगितले, मैल, फूट.
“नाही, म्हणजे… खाली तर सगळी तूरच होती.”

अहवालात रकाने आहेत. वेळ, उंची, दोघांमधलं अंतर.
“वापरलेली भाषा” असाही एक आहे.
तिथे पेन थोडा वेळ नुसतंच धरून बसले.
साहेब टेप ऐकतील, चष्मा काढतील,
“नोको” ही कुठली परिभाषा, म्हणतील.
बाबांच्या एका मोजणीवहीत
आकड्यांच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेलं आहे:
दोघंही रडले. दगड उद्या.

सहाला सुटले. मेट्रोत समोर एक गृहस्थ,
बॅग पुण्यातच राहिली म्हणून अर्ज भरत अडकलेले,
मांडीवर तेवढा बाकरवडीचा पुडा.
फोनवर बायकोला मोठ्याने सांगत होते,
“अवं, चाकं टेकतच होती, न् पुन्हा वर!
काऊन, ते कोणी सांगतलं नाही.
पण एक झालं,
नागपूर दोनदा दिसलं.”