काळी पाच ते पांढरी चार

अक्काचं खरं नाव पोस्टरवर कधी छापलंच नाही.
घरी राजमणी इराबत्ती.
कंपनीचा मॅनेजर म्हणाला, एवढं कोण लक्षात ठेवणार?
आणि झाली मंजिरी सोलापूरकर.
तिचे वडील मागावर बसल्या बसल्या
ते नाव तोंडात घोळवून बघायचे,
नवी चप्पल घालून घरातल्या घरात चालून बघावं तसं.

साखर पेठेत तेव्हा घरागणिक माग.
धोटा डावीकडून उजवीकडे पोचेपर्यंत
तिला एक पलटा संपवायचा असे.
"नाही संपला तर धोटा काय थांबतो होय?"
हे ती मला ऐकवायची, माझी सम चुकली की.

एकवीस वर्षांची, काळी पाचमध्ये गायची.
तिसऱ्या अंकात नायिका घर सोडते,
पद म्हणत म्हणत दाराबाहेर.
बार्शीच्या प्रयोगाला वन्स मोअर, वन्स मोअर,
तीनदा तिनं घर सोडलं.
चौथ्यांदा नवराच म्हणाला, "जा बाई आता, गाडी चुकेल."
थिएटर कोसळलं हसून.
अक्काही हसायची हे सांगताना,
मग उंबऱ्याकडे बघत जरा वेळ गप्प.

कंपनी बुडाली तेव्हा पडदेसुद्धा विकले.
राजवाड्याचा पडदा गल्लीतल्या बायकांनी नेला,
ओल्या विडीपानांवर झाकायला.
कितीतरी दिवस सुपासुपांत
कुठे खांब, कुठे कमान, कुठे अर्धा मोर.

मग होटगीला गाडी बदलून हुबळी.
बुवा म्हणाले, "हात खाली. इथं नाटक नाही."
सहा महिने ती हात मांडीखाली दाबून गायली.
सोलापुरात मैफलवाले म्हणायचे, शेवटी नाटकवालीच ती.
नाटकवाले म्हणायचे, पद माग, तर आलाप करत बसते.
काळी चार.

मी तिच्या मागे तानपुऱ्यावर, बावीस वर्षं.
जवारीचा दोरा आम्ही कधी विकत आणला नाही,
तिच्या भावाच्या, व्यंकटीच्या मागावरचं सूत चालायचं.
सत्कारात सगळीकडे शाल मिळते, आमच्याकडे चादर.
ती घडी उलगडून काठ चाचपायची,
"ही आमच्या व्यंकटीचीच. इथं एक धागा सुटतो त्याचा."
व्यासपीठावर, माईकसमोर, पाहुण्यांच्या देखत.

शेवटची मैफल एप्रिलमध्ये, शाळेच्या हॉलमध्ये.
साठ खुर्च्या, चार पंखे, चारही कुरकुरणारे.
पांढरी चार.
मारवा घेतला तिनं.
मारव्यात षड्ज टाळायचाच असतो,
गळा उतरला की सगळे तोच घेतात,
असं पहिल्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं. मी ऐकलं. तिनंही.
पाऊण तास तिनं तो षड्ज उंबऱ्याबाहेर उभा ठेवला.
मग मान वर केली, तोंड उघडलं,
आणि काहीच आलं नाही.
माझी जोड तेवढी वाजत होती.

ती किंचित मागे वळली. म्हणाली, "चालु."

आमच्या तेलुगूत चालु म्हणजे पुरे. बास. थांबव.
तबल्यावर लातूरचा नवा पोरगा,
त्यानं ऐकलं चालू,
आणि इमानानं ठेका धरून बसला.
माझी बोटं तारेवर. मला दोन्ही भाषा येतात.

अक्कानं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.
"बरं," म्हणाली,
पदर खोचला,
आणि खालच्या निषादापासून परत निघाली.

हॉलचं भाडं साडेनऊपर्यंतच होतं.
शिपाई दोनदा दारात येऊन गेला.
तिसऱ्यांदा आला तो किल्ल्या मुठीत धरून,
वाजू नयेत म्हणून.