शिल्लक माल

हवल्लीत, तळमजल्यावर, दुकान नंबर अकरा.
अबू नासर म्हणाला, साठ मागव.
मी म्हटलं, वीस.
साठ आले.

आदल्या वर्षी कॅसेटवाला डबा असा खपला होता
की ईदच्या रात्री शटर अर्धं ओढून
नोटा मोजत बसलो आम्ही दोघं,
बोटांना थुंकी पुरेना.

मग हे साठ. दिसायला देखणे,
कंट्रोलर हातात घेतला की वजनदार, भरवशाचा.
पण खेळ आले चार. पाचवा आलाच नाही.
तिकडे जपानात कुणीतरी एका कागदावर सही केली
आणि इकडे माझ्या मागच्या फळीवर
धूळ बसायला लागली.
पिवळी, बारीक, फडक्याला न जुमानणारी.

नव्वद दिनार. पन्नास. बावीस.
शेवटी हातातल्या छोट्या खेळावर एक फुकट.
पोरं छोटा घेऊन पळायची,
हा काउंटरवरच राहायचा.

एक मी सुट्टीत खेडला नेला.
आमच्या टीव्हीला त्या पिनेचं भोकच नव्हतं.
मुजम्मिल दोन दिवस नुसता कंट्रोलर दाबत बसला,
आवाज तोंडाने काढत.

काल एक दाढीवाला पोरगा आला.
खोक्यासकट असेल तर, म्हणाला, चारशे.
अबू नासरचा नातू गल्ल्यावर, मोबाईलवर खेळत,
मान वर न करता:
चाचा, घरी विचारून बघ.

फोन लावला.
रुकय्या म्हणाली, खोकं आहे की.
थर्मोकोलच्या त्या खळग्यांत
अंडी छान बसतात.