नवा कॅट

गणपती पेठेत जिनगोंडाच्या दुकानात
वह्या, पतंगाच्या चकऱ्या, रांगोळीचे छाप,
आणि त्यांच्या मागे, हात खांद्यापर्यंत आत घातला तर,
पत्त्यांचे कॅट.
तो आधी सोनेरीच काढतो.
"ह्यो घे की, जादूवाल्याला शोभंल."
सोनेरी पान दिसलं की माणूस
हात सोडून पानाकडे बघतो, संशयानं.
मला असा कॅट हवा,
ज्याच्यावर त्यानंही कधी झब्बू खाल्लाय,
मामाच्या कट्ट्यावर, लाईट गेलेली असताना.

"मग प्लास्टिक घे. पुरात बुडालेलं
धुऊन, वाळवून इकलं मी,
कुणाला कळलं बी न्हाई."
तेच तर. प्लास्टिकला काही कळत नाही.
वाकवलं की लगेच सरळ,
बोटाचं ऐकून घेत नाही,
टेबलावर ठेवलं तर आपणहूनच निघतं.
कागद बरा.
श्रावणात नदीकडून हवा आली की चिकटतो, रुसतो,
पण थोडा तुमचा होतो.

खोकं मी लगेच उघडत नाही,
कानाशी धरून हलवतो.
खडखडलं, तर पानं पातळ.
मग पाठ बघतो. चौफेर पांढरी किनार हवी,
म्हणजे गठ्ठ्यात एखादं पान उलटं असलं
तरी कड चुगली करत नाही.
(हे सांगायला नको होतं.
पण मी अठ्ठावीस वर्षांचं गिऱ्हाईक,
जिनगोंडाला माझ्या चोऱ्या पाठ आहेत.)

खरी अडचण अंगठ्याची.
दिवसभर मार्केट यार्डात हळकुंडं मोडून
आतला रंग बघायचा, हे माझं काम.
साबण झाला, लिंबू झालं, रॉकेल झालं,
अंगठा पिवळाच.
पंधरा दिवसांत पान न् पान
खुणेचं होऊन बसतं, मी न करता.
कुपवाडला एका बारशात
दोन दात पडलेल्या पोरानं
बदाम राणीच्या पाठीवर बोट ठेवलं:
"ही. हळद लागलेली."
सगळे हसले, मीही.
येताना तो कॅट हमालांना देऊन टाकला.
फसवायचं ते हातानं, डागानं नाही,
एवढं तरी पाळतो.

हे आप्पांकडून आलेलं नाही.
आप्पा दलाल. त्यांच्या वेळी
हळदीचा सौदा रुमालाखाली व्हायचा.
खाली बोटांत बोटं,
वर दोन कोरे चेहरे,
आणि ज्याचा माल, तो चार पावलांवर
रुमालाच्या घड्या बघत उभा.
मी एकदा म्हणालो, ही तर माझीच जादू.
म्हणाले, "तुझी बघून माणूस
हसत घरी जातो."

आता त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही.
गेल्या आठवड्यात पलंगावर पानं पसरली,
म्हटलं, काढा एक.
डाव्या हातानं काढलं, बघितलं, उशीखाली सारलं.
म्हटलं, आता ओळखतो.
त्यांनी मान हलवली, नाही.
खुंटीवरच्या रुमालाकडे बघत राहिले
मी तो आणून देईपर्यंत.
माझ्या पंजावर टाकला, आणि खाली
माझी बोटं धरून दाबली.
पाच एकदम. मग दोन.

सत्ती.
मला ठाऊकच होती,
मीच तर ती त्यांच्या बोटांपुढे सरकवली होती.
तरी उरलेली पानं मी खाली ठेवली.
कसली सत्ती, ते सांगितलं नाही.
बदाम, किलवर, इस्पिक, चौकट,
त्यांच्या बाजारात रंग एकच.

"ह्यो पिवळा कुणी नेत न्हाई,
चार वरसं पडलाय," जिनगोंडा म्हणतो.
पिवळसर पाठ, किनार पांढरी,
आकडे मोठे, म्हाताऱ्यांना दिसतील असे.
हलवला. वाजला नाही.
दहा रुपये कमी करून घेतला,
पेठेतून निघालो.
खिशात तो अजून कडक आहे,
अजून कुणाचाच नाही.