अंदाजे किती

फोन उचलला की पहिला प्रश्न तोच.
अंदाजे किती?
आणि एकोणीस वर्षांत पाठ झालेलं माझं उत्तर:
ते अवलंबून आहे.

नेब्रास्काच्या पश्चिम टोकाला, इस्पितळाच्या तळघरात
बिलांचं टेबल. खिडकी नाही. शेजारी चिप्सचं यंत्र,
ते निदान किंमत काचेवर लिहून ठेवतं.

मार्ला डीट्झचा फोन ऑक्टोबरात आला.
मागे साखर कारखान्याची घरघर.
ती तिथे काट्यावर बसते: बिटाचा ट्रक चढला की आकडा,
रिकामा होऊन परतला की आकडा,
मधली वजाबाकी म्हणजे पैसे.
"मेंदूच्या लहरींची तपासणी," ती म्हणाली. "मुलगा सात वर्षांचा.
जेवता जेवता थांबतो. चमचा हवेत तसाच.
मग अर्धवट राहिलेला शब्द पुरा करतो,
जणू मधे काही गेलंच नाही."

ते अवलंबून आहे, मी म्हणाले.
जागेपणीची की झोपेतली,
अर्ध्या तासाची की रात्रभराची,
विम्याआधीची तुमची स्वतःची रक्कम यंदा भरून झाली का,
आणि आलेख वाचणारा डॉक्टर डेन्व्हरचा असेल
तर त्याचं पाकीट वेगळं येतं.

ती गप्प. मला वाटलं, फोन कटला.
"म्हणजे ट्रक आधी रिकामा करायचा,
आणि वजन मागाहून टपालानं."

चारशेपासून तीन हजारांपर्यंत, मी म्हणाले.
मला तेवढंच सांगायची परवानगी आहे.
मग आवाज खाली आणून, परवानगीबाहेरचं:
रोख भरणाऱ्यांचा दर निराळा असतो.
विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. विचारा.
लेखी घ्या. माझं नाव घेऊ नका.

एकोणीस वर्षं या तपासणीचा कोड मी टंकते आहे,
तपासणी कधी पाहिली नव्हती.
त्या दिवशी एक सही राहिली होती म्हणून वर गेले.
कोल्टनला पहाटे चारपर्यंत जागवायचं होतं,
मार्लानं त्याला गाडीत घालून रात्रभर
बिटांच्या ढिगाऱ्यांभोवती फिरवलं होतं, खिडक्या उघड्या टाकून.
आता त्याच्या डोक्यावर लाल पेन्सिलीच्या खुणा,
केसांत चिकट मलम, एकवीस वायरी,
हातात कागदाचं भिरभिरं.
"फुंकर मार," तंत्रज्ञ बाई म्हणाली. "अजून. अजून."
भिरभिरं फिरलं, फिरलं,
मग नुसतं आपल्या वेगानं फिरत राहिलं
आणि थांबलं.
पोराचे डोळे उघडे. पडद्यावरच्या साऱ्या रेघा
एकाच वेळी करवतीसारख्या उभ्या राहिल्या.
मार्लानं खुर्चीचा हात धरला होता. कुणी बोललं नाही.
मग त्यानं फुंकर मारली,
भिरभिरं थांबलेलं बघून त्यालाच नवल वाटलं.

डिसेंबरात ती खाली आली, कारखान्याचं जाकीट अंगावर,
कपड्यांना उकडलेल्या बिटाचा वास.
रोख दरानं सहाशे चाळीस भरले होते,
डेन्व्हरचं पाकीट वर दोनशे बाराचं.
भांडायला आली असेल म्हणून मी फाइल पुढे ओढली.
तिनं माझ्याच कॅल्क्युलेटरवर हिशोब केला.
"आठशे बावन्न. आणि तो आठ सेकंद गेला होता.
सेकंदाला एकशे साडेसहा."
मी काहीतरी पुटपुटले, हप्त्यांबद्दल.
"महाग नाही म्हणत मी," ती म्हणाली.
"वर्षभर रोज पन्नासदा जात होता. फुकट.
शाळेत त्याला लक्ष नसलेला म्हणायचे. मीही म्हणायचे."

महिन्याला पंचवीस, असं आम्ही लिहिलं.
पेनातली शाई संपत आली होती, आकडा दोनदा गिरवावा लागला.
जाताना तिनं आलेखाची एक प्रत मागितली.
त्याचे वेगळे तीन डॉलर पडतात.
मी ते लावले नाहीत.

नंतर फोन वाजला. कुणीतरी म्हातारा, बायकोसाठी विचारत होता:
अंदाजे किती?
मी तोंड उघडलं, आणि उत्तर आलंच नाही.
किती वेळ गेला कोण जाणे.
"हॅलो," तो म्हणत होता. "हॅलो.
आहात ना तिथे?"