रकाना

हुकूम आला दोन पानी.
दिल्लीचा शिक्का, क्रमांक, तारीख,
आणि एक लांबलचक वाक्य, ज्यात श्वास घ्यायला जागा नाही :
या जातीच्या छोट्या विमानांच्या ब्रेकची तबकडी
दर पंचवीस तासांच्या उड्डाणानंतर उतरवून
तडा आहे का ते पाहावे,
आढळल्यास विमान हलवू नये.

'हलवू नये' कॅप्टन इनामदारांनी दोनदा वाचलं.
कराडच्या धावपट्टीवर आमची विमानं तीन,
त्यातलं एक दिवाळीपासून इंजिनाविना उभं.
शिकणारी पोरं अकरा.

सकाळी मी चाक काढलं.
आगाशिवावर ऊन यायचं होतं,
पलीकडच्या उसात कुणीतरी मोटर चालू करून गेलं होतं.
तबकडी भाकरीएवढी,
घासून घासून चांदीची झालेली,
कालच्या उतरण्याचा करपट वास अजून अंगाला.

आणि नियमात नाही ते आधी केलं.
बोटावर टांगली, पान्याच्या टोकानं टिचकी मारली.
टण्ण.
स्वच्छ, लांबपर्यंत, शाळा सुटल्यासारखी.

ही खोड अब्बांची.
कोल्हापूर नाक्यावर दुकान, मुजावर ब्रेक लायनर.
ट्रकचा ड्रम साखळीला टांगायचे,
हातोडी मारायचे, डोळे मिटून ऐकायचे.
टण्ण म्हणजे जा.
बद्द म्हणजे भंगार.
ड्रायव्हर विचारायचे, मिस्त्री, नुसतं वाजवायचे पैसे?
वाजवायचे नाही, म्हणायचे, ऐकायचे.

पण हुकमात कानाला रकाना नाही.
लाल रंग फवारला. दहा मिनिटं थांबा,
असं लिहिलंय, म्हणून थांबलो.
पुसला. वरून पांढरी भुकटी.
तेवढ्यात केतकी शेवाळे येऊन उभी राहिली.
आज ती पहिल्यांदा एकटी उडणार होती,
तांबव्याहून आईवडील आलेले,
कुंपणाबाहेर त्यांची रिक्षा, वेटिंगवर.

दोघं बघत राहिलो त्या पांढऱ्याकडे.
काही नाही.
काही नाही.
मग बोल्टच्या भोकाशी,
काटा मोडल्यावर रक्त कसं जरा विचार करून वर येतं,
तशी एक लाल रेघ.
नखाएवढी.

"पण वाजली तर नीट होती," ती म्हणाली,
"मी तिकडून ऐकली."

वाजली होती.

एकदा अब्बांनी पास केलेला ड्रम
खंबाटकी उतरताना
— याच्यापुढे आमच्या घरात वाक्य जात नाही.
मी तेव्हा सातवीत. एवढंच कळलं
की ते दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही घेऊन आले,
आणि एक भिंग, चष्मेवाल्याकडून.
गाडीचा नंबर, ड्रमचा नंबर, काय दिसलं,
रोज रात्री, वाकड्या अक्षरात, वीस वर्षं.
कुणी मागितली नव्हती वही.
दिल्ली नव्हती, शिक्का नव्हता.
शेवटचा रकाना त्यांनीच पट्टीनं आखलेला,
वर लिहिलेलं : नाद.
खाली सगळा कोरा.

कॅप्टन म्हणाले, एक चक्कर, मुजावर,
फक्त एक, पोरीचे आईबाप आलेत.
मग माझ्याकडे बघून स्वतःच म्हणाले, नको.
चांगला माणूस आहे. हप्ते आहेत बँकेचे.

लिहिलं : तडा एक, सहा मिलिमीटर, बोल्टच्या भोकाशी.
सही केली.
विमानाच्या पंख्याला लाल फडकं बांधलं.

केतकी कुंपणाकडे गेली, सांगायला.
किती वेळ काहीतरी हातवारे करत होती,
बहुतेक तबकडीचा आकार,
बहुतेक रेघ.
वडिलांनी रिक्षावाल्याला आणखी थांबायला सांगितलं.
आईला काय कळलं कोण जाणे,
तिनं जाळीतून हात बाहेर काढला
आणि उभ्या विमानाला
टाटा केला.