शेवटची नळी

शहराचं नाव पेच.
मराठी कानाला गंमत वाटेल, तिथे कुणाला वाटत नाही.
हंगेरीच्या दक्षिणेला; खाणी मिटल्या, डोंगर तेवढा राहिला.
चौथ्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्याच टेबलावर
येनोकाका जुनी मोजयंत्रं उघडून बसतो.
(काका म्हणू. तिथेही तसंच काहीसं म्हणतात.)

सेंट मार्टिनच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी,
जिन्यात अजून नव्या वाईनचा वास,
एतेल्काने पेटी आणली चादरीत गुंडाळून,
सोबत आंबट चेरीची बरणी.
"वडिलांची. प्रक्षेपण केंद्र विकलं,
भंगारवाल्याच्या आधी मी पोचले.
वारंवारता मोजायची. आता नीट बोलत नाही."

वीज दिली. निक्सीच्या सहा नळ्या, नारिंगी.
एकेकीत दहा अंक, तारेचे, एकामागे एक उभे;
पेटेल त्याचाच चेहरा दिसतो.
येनोने शून्यापासून हजेरी घेतली.
पहिली नळी आठ म्हणाली. बाकी नऊ वेळा धूसर डाग.
दुसरी फक्त चार. तिसरी सहा.
चौथी, पाचवी: शून्य, शून्य.

एकतीस वर्षं केंद्राने एवढाच आकडा धरून ठेवला होता,
दिवसपाळी, रात्रपाळी,
सरकार बदललं त्या आठवड्यातसुद्धा.
पेटत्या तारेचा धातू कणाकणाने उडतो
आणि शेजाऱ्यांवर बसतो,
चुलीमागच्या भिंतीवर काजळी धरावी तसा.
ज्यांची पाळी आलीच नाही
ते उभ्या जागी आंधळे झाले.

सहावी ठणठणीत.
केंद्र जरासं हेलकावायचं, थंडीत इकडे, उन्हात तिकडे,
तो सगळा हेलकावा हिच्या वाट्याला:
कधी तीन, कधी सात, कधी नऊ.
"पप्पांना हिचा राग," एतेल्का म्हणाली,
"नोंदवहीत रोज लिहायचे, शेवटचा अंक चंचल."
येनो हसला नाही. वही ठेवून घेतली.

औषध सोपं, नुसतं वेळखाऊ.
आंधळ्या अंकाला एकट्याला पेटवायचं,
नेहमीपेक्षा थोडा जास्त प्रवाह, दिवसरात्र,
की त्याच्याच तापाने त्याची काजळी झडते.
हात चुकला तर तारच जाते.
पाच नळ्या, नऊ नऊ अंक, दिवसाला एक.
भिंतीवरच्या कॅलेंडरात पेन्सिलने नोंदी:
*एक आला.*
*दोन, फक्त पाय.*
*तीन. प्रवाह कमी केला, भीती वाटली.*
शेजारीण मीठ मागायला आली,
म्हणाली, हे काय, कालपासून पाचच?
"बरीच वर्षं थांबलाय तो," येनो म्हणाला,
आणि मिठाचा डबा शोधू लागला.

तिसऱ्या नळीतला दोन काही केल्या उघडेना.
खणात रशियन नळी होती एक, पण तिच्यात
पाच म्हणजे उलटा टांगलेला दोन.
त्याने खण परत ढकलला.

नाताळानंतर एतेल्का आली.
त्याने शून्यापासून नऊपर्यंत सगळं फिरवून दाखवलं,
अधू दोनासकट.
ती बघत राहिली, परक्या घरात शिरल्यासारखी.
"तो आकडा दाखवा ना."
त्याने टेबलावरच्या जनित्राची खुंटी फिरवली:
आठ चार सहा शून्य शून्य, आणि शून्य.
ठाम.
"शेवटचा हलत नाही?"
"माझं जनित्र नवं आहे," तो म्हणाला, जरा ओशाळून.

झाकण अजून बसवलं नव्हतं.
त्याने तिचा हात धरून
स्फटिकाच्या डबीवर टेकवला.
"इथेच. बाजूला नको, पावणेदोनशे व्होल्ट आहेत."
बाहेर ट्रॉली ओढत कुणीतरी जात होतं.
शून्य.
शून्य.
"हात गार आहेत माझे," ती म्हणाली.
"असू देत. थांबा."
शून्य.
एक.
पुन्हा शून्य. एक.
मग दोन, स्वच्छ.