जिभेला कळतं

कुमासीच्या पलीकडे, लाल मातीचा रस्ता संपतो तिथे,
सेर्वाच्या अंगणात कोकोच्या शेंगांची टरफलं जळतात.
दिवसभर. धूर गोडसर, घशात बसणारा.
राख चाळायची, पाण्यात कालवायची,
रात्रभर थेंब थेंब गाळायची.
तपकिरी पाणी. बोट बुडवलं तर बुळबुळीत,
आणि बुळबुळीत म्हणजे काय, तर आपल्याच बोटाचा
वरचा पापुद्रा साबण होऊ लागलेला.

मी आक्राहून आलो होतो, दुकानाच्या वतीने.
पिशवीत रंग बदलणाऱ्या कागदांची डबी
आणि एका बाईचा फोटो:
गाल ताणलेले, लाल, नाकाच्या कडांना कोंडा.
खाली एवढंच, "नैसर्गिक म्हणाला होतात ना?"

कागद ओला केला. हिरवा, मग निळा,
मग सांडलेल्या शाईसारखा.
म्हटलं, कातडी मुळात आंबट असते, सेर्वा.
केंकीच्या आंबलेल्या पिठाइतकी नाही, पण आंबटच.
साबण मळ नेतो आणि जाताना
घरातलं तेलही उचलतो,
पाहुणा म्हणून आलेल्या चोरासारखा.
(हे वाक्य मी गाडीत पाठ केलं होतं.)

ती हसली नाही.
पळीच्या टोकाचा एक कण जिभेच्या शेंड्यावर ठेवला,
थुंकली. "हा आजचा. चावतो. चावणारच.
तो फोटोतला कधीचा?"
मी तारीख सांगितली.
तिने अंगठ्याने पेरं मोजली, दोनदा.
"अकरा दिवस.
मी सहा आठवडे म्हटलं होतं, फळीवर, वाऱ्याला.
तुमचा ट्रक थांबला नाही."

पलीकडे तिची भाची परातीत बाळ धूत होती,
तीन दिवसांचं, नुसत्या कोमट पाण्याने.
साबणाच्या डोंगराशेजारी, साबणाशिवाय.
मी बघतोय हे पाहून म्हणाली,
"त्याच्या अंगावर अजून आईचं लोणी आहे."

संध्याकाळी सेर्वाने लिंबू कापलं,
हातांवर पिळलं, मनगटापर्यंत.
बोटांच्या बेचक्यांत भेगा होत्या, काळ्या, जुन्या.
तिने दातांतून श्वास आत ओढला,
डोळे मिटले, आणि चोळत राहिली.
कोणी शिकवलं, मी विचारलं.
"हातांनी."

मग म्हणाली, आण तुझा कागद.
मी डबी उघडली. कागद दमट हवेत
आधीच कडेने हिरवे पडले होते.
रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला,
एकदा, मग लांबलचक.
तिने फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.